रोज पाच तारा

ठाणे, 20 सप्टेंबर

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

तुमच्या ऐरोलीच्या सोसायटीत 2 ऑक्टोबरला मुलांकडून काय करून घ्यावं, असं विचारलंस. फोटोला हार, दोन भाषणं, एखाद्या चिमुरड्याला पंचा नेसवून हातात काठी, हे दरवर्षी होतंच. यंदा सूत काता. त्या दिवशी नुसती सुरुवात करा, पुरं करायचं ते 12 फेब्रुवारीला. 1948 साली त्या तारखेला प्रयागच्या संगमावर गांधीजींच्या अस्थी विसर्जित झाल्या. विनोबांनी, म्हणजे आपल्या पेणजवळच्या गागोद्याच्या विनोबांनी, त्या दिवसासाठी सूतांजली सुचवली: प्रत्येकाने स्वतः कातलेली एक गुंडी. गुंडी म्हणजे 640 तारा, एक तार 4 फुटांची. मधे 133 दिवस मिळतात, म्हणजे रोज पाच तारा. 1924 च्या बेळगाव काँग्रेसमध्ये गांधीजी अध्यक्ष होते, तेव्हा सभासदाने महिन्याला 2000 वार सूत द्यायचं ठरलं होतं. हिशोब करून बघ, रोजच्या पन्नास तारा होतात. आपण त्याच्या दहाव्या हिश्श्याने सुरू करू.

खादी भांडारात पेटीचरखा आणि पेळू, म्हणजे पिंजलेल्या कापसाच्या वळलेल्या सुरळ्या, मिळतात का ते आजच विचारून ठेव, आयत्या वेळी धावपळ नको. पेटीचरख्याला येरवडा चक्रही म्हणतात, कारण गांधीजींनी तो येरवड्याच्या तुरुंगात घडवत आणला. उघडलास की दोन चाकं दिसतील. मोठ्या चाकावरची माळ, म्हणजे दोरी, लहान चाकाला फिरवते, लहान चाकावरची दुसरी माळ चातीला, म्हणजे सूत कातून जिच्यावर गुंडाळलं जातं त्या टोकदार सळईला. मूठ फिरते आणि चाती फिरत नाही, असं झालं की माळ सैल आहे असं समज. चाती कुरकुरली तर टेकूपाशी तेलाचा एकच थेंब. जास्त झालं तर सूत काळं पडतं. तुमच्याकडे खाडीची दमट हवा, चातीला गंज लवकर धरतो आणि गंजलेल्या टोकाला सूत अडकून तुटतं. वापरून झालं की कोरड्या फडक्याने पुसायची. पेळू घट्ट झाकणाच्या डब्यात ठेव, दाबून भरू नकोस.

आता हात. चातीला फूटभर तयार सूत बांधून त्याचं टोक पेळूला लाव. पेळू डाव्या हाताच्या अंगठ्यात आणि दोन बोटांत, चिमणीचं पिल्लू धरावं इतक्या हलक्याने. उजव्या हाताने मूठ सावकाश फिरव आणि डावा हात तिरका मागे ने. चातीच्या टोकावरून सूत निसटत राहतं, प्रत्येक फेऱ्याला एक पीळ बसतो. हात दोनेक फूट मागे गेला की थांब, आणखी थोडा पीळ दे, मग मूठ जराशी उलटी फिरवून टोकाचे वेढे सोडव. सूत चातीशी काटकोनात आणून पुन्हा सुलट फिरव, ते गुंडाळलं जाईल.

मुलं हमखास अडतात ती इथे. सूत पेळूपाशीच तुटतं, कारण हात पळतो आणि पीळ मागे राहतो. गाठीगाठींचं येतं, कारण बोटं आवळली जातात. तंतू सुटत नाहीत, मग एकदम झुबका येतो. सैल सोडताच सुताला वेटोळी पडली तर पीळ जास्त झाला, मूठ हळू करायची. तुटलं म्हणून गाठ मारू देऊ नकोस. सुताचं टोक पेळूच्या उघड्या तोंडावर टेकवून मूठ अर्धा फेरा फिरवायची, कापूस आपणहून टोक पकडतो. हे जमलं की मुलांचा धीर वाढतो, म्हणून पहिल्या दिवशी मुद्दाम तोडून जोडायला शिकव. अहिंसेवरच्या भाषणापेक्षा मला हे अर्ध्या तासाचं काम मोठं वाटतं, कारण ओढूनताणून इथे काहीच होत नाही आणि मुलाला ते स्वतःच्या बोटांत कळतं.

सगळ्यांना पेटीचरखा परवडणार नाही. लहानांना टकळी, म्हणजे हाताने फिरवायची साधी चाती, दे. तिच्यावर वेग कमी, पण पीळ डोळ्यांसमोर चढताना दिसतो.

मोजायला 4 फूट घेराचा फाळका, म्हणजे सूत गुंडाळायची चौकट, लागेल. एक वेढा म्हणजे एक तार. दर 160 तारांना दोऱ्याने बांध, ती झाली लटी. चार लट्यांची गुंडी. रोजचा आकडा जिन्याजवळच्या फळ्यावर घरवार लिहा. एखाद्या घराचे पाच दिवस बुडाले तर पंचवीस तारा एका बैठकीत भरून काढू देऊ नकोस, घाईचं सूत गाठीचंच येतं. दोन दिवसांत वाटून घ्यायचं.

एखाद्या रविवारी मुलांना गावदेवीच्या मणिभवनात ने. पिंजायचे पहिले धडे गांधीजींनी तिथे घेतले, दारावरून जाणाऱ्या पिंजाऱ्याकडून.

फाळका माझ्याकडे आहे, येशील तेव्हा घेऊन जा.

तुझी
आई