मुक्तास पत्र: क्युसेक, टीएमसी आणि पाटणपुढचा रस्ता

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला कोयना धरणाचा तक्ता छापून घेतला आणि काल रात्री पेन्सिल घेऊन बसले. "साठ्याचा आकडा जुळत नाही, कुठे चुकतंय तेवढंच सांग," असं तू म्हणालीस. सापडलं. पाचव्या रकान्यात तू साठ्यातून विसर्ग थेट वजा केला आहेस. साठा टीएमसीमध्ये, म्हणजे अब्ज घनफुटांत. तो घनफळ, लांबीचा घन. विसर्ग क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला किती घनफूट. लांबीचा घन भागिले काळ. या दोघांची वजाबाकी होतच नाही. एक्सेल करून देतं, कारण त्याला नुसता आकडा दिसतो. आधी विसर्गाला काळाने गुण. ११,५७४ क्युसेक पाणी २४ तास सुटलं की १ टीएमसी होतं. हे तुझे बाबा झोपेतून उठवलं तरी सांगायचे.

रात्रपाळी संपली की लगेच गाडीवर निघत जाऊ नकोस. पत्र त्यासाठी लिहीत नाही, पण आठवलं म्हणून सांगितलं.

पावसाचा रकाना मात्र तू चांगला केलास. मिलिमीटर ही नुसती लांबी, पाणलोट क्षेत्र हा लांबीचा वर्ग, गुणले की घन आलाच पाहिजे. कोयनेचं पाणलोट क्षेत्र साधारण ८९२ चौरस किलोमीटर. त्यावर १०० मिलिमीटर पडला आणि सगळं पाणी वाहून आलं असं धरलं, तर ८.९२ कोटी घनमीटर, म्हणजे ३.१५ टीएमसी. मुरतं ते सोड. १०५ टीएमसीच्या धरणात ही तीन टक्क्यांची भर झाली. उद्या कुणी १०० मिलिमीटरला तीस टीएमसी आले म्हणून सांगितलं तर तुला कागद न घेता कळेल की हे शक्य नाही. मला तुझ्याकडून एवढंच हवंय. आकडा किती, हे नंतर. तो कशाचा आहे, हे आधी.

तू तिसरीत असशील. बाबा तुला कालव्यावर घेऊन गेले होते आणि पाण्यात वाळकी काटकी टाकून तुला काठाने पळवलं होतं. तू पावलं मोजत होतीस, ते घड्याळ बघत होते. घरी येऊन तू मला विचारलंस, पावलांना सेकंदांनी भागलं तर उरतं काय? मी 'वेग' म्हणाले. मग वेगाला कालव्याच्या रुंदीने आणि खोलीने गुणलं तर? त्या वयात तू स्वतःच म्हणालीस, "मग पाणी!" बाबा जेवायचे थांबले होते. ती वही अजून त्यांच्या कपाटात आहे. त्यात त्यांनी तुझ्या उत्तरापुढे 'दर सेकंदाला' एवढे दोन शब्द लिहून ठेवलेत.

कालव्यातल्या पाण्याचा वेग काढायच्या मॅनिंगच्या सूत्रात तू अडखळशील, म्हणून आत्ताच सांगते. त्यातला 'एन', म्हणजे तळाचा खडबडीतपणा, पुस्तकात ०.०१३, ०.०२५ असा उघडाच छापतात, जणू त्याला मितीच नाही, लांबी-काळ काहीच त्यात नाही. मिती काढून बघ. डावीकडे वेग आहे. उजवीकडे जलीय त्रिज्येचा (ती एक लांबीच) दोन तृतीयांश घात आणि उताराचं वर्गमूळ. उताराला मिती नाही. म्हणजे 'एन'मध्ये काळ भागिले लांबीचं घनमूळ लपलेलं आहे. म्हणून तर फुटांत काम केलं की त्या सूत्रात १.४९ हा आकडा येतो. तो कुणी वरून आणलेला नाही; एका मीटरमध्ये ३.२८ फूट असतात, त्याचं ते घनमूळ. सांडव्याच्या सूत्रातला मीटरमधला १.८४ फुटांत ३.३३ होतो, तोही असाच. त्यात गुरुत्वाचं वर्गमूळ बसलेलं आहे.

बघ, पुन्हा तास घ्यायला लागले. अकरावीच्या वर्गासमोर इतकी वर्षं उभी राहिले, सवय जात नाही. तू इंजिनिअर आहेस, हे सगळं शिकून गेलीस. रागावू नकोस. पण एक राहिलंच. मिती जुळली म्हणजे उत्तर बरोबर, असं समजू नकोस. क्युसेक आणि क्युमेक (सेकंदाला घनमीटर), दोघांची मिती एकच, आणि फरक ३५ पटींचा. मितीची पडताळणी तिथे काहीच बोलणार नाही. रात्री फोनवर किंवा वायरलेसवर कुणी नुसतं "पन्नास हजार" म्हटलं, तर कितीही वरिष्ठ असले तरी विचार, "साहेब, पन्नास हजार काय?" तू बुजरी आहेस, म्हणून लिहिते. २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरात सांगलीत मामा माळ्यावर बसून रेडिओवर असलेच आकडे ऐकत होता. खाली त्याच्यासारखी माणसं ऐकत असतात.

आजी काल विचारत होती, तिकडे अजून हलतं का. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट ती विसरलेली नाही. तुझ्या खोलीच्या भिंती नीट बघून घे म्हणाली. मी तिला भूकंपाच्या मापाचं समजावत बसले, की ते लॉगरिदम आहे, त्याला मिती नसते, एक अंक वाढला की ऊर्जा ३२ पट वाढते. तिने ऐकून घेतलं आणि पुन्हा भिंतींचं विचारलं. तेव्हा भिंती बघ आणि तिला फोन कर.

तुला हे काम मिळालं तेव्हा मी शेजारी पेढे वाटले, तुला सांगितलं नाही. बाबांच्या खात्यातच, आणि स्वतःच्या मार्कांवर. ऊर भरून आला होता. पण पाऊस सुरू झाल्यापासून मला हेळवाक ते पाटण एवढाच रस्ता दिसतो. रात्रभर जागलेली माणसं पहाटे गाडीवर डुलक्या घेतात. एसटी आहे, तासभर उशीर होईल एवढंच. पाटणच्या काकूंशी बोलले आहे. त्यांची वरची खोली रिकामी आहे, किल्ली मागच्या दारी मिळेल. दमली असशील तर तिथे झोप आणि उठल्यावर कराडला ये.

दुरुस्त केलेला तक्ता सोबत आहे. सहावा आणि नववा रकाना तू स्वतः कर, मी मुद्दाम मोकळे ठेवलेत. प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर एकक लिही.

तुझी,
आई