चिंगडी म्हणजे कोळंबी

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

मंगळवारी फोनवर तू म्हणालास, "बाबा, मी सव्वीस वर्षांचा आहे, काय खायचं ते मला कळतं," आणि फोन ठेवलास. आवाज आधी मीच चढवला होता. तू कोलकात्याला मोहन बागान–ईस्ट बंगालचा फुटबॉल सामना बघायला निघालास हे कळल्यावर माझ्या तोंडून "अरे वा" निघायला हवं होतं, निघालं ते "कोळंबीला हात लावू नकोस, तुला अ‍ॅलर्जी आहे". तुझी आई दिवसभर माझ्याशी धड बोलली नाही. म्हणून हे पत्र. यात खाण्याचा विषय काढायचा नाही असं ठरवून बसलोय.

तर आधी सामन्याचं. तुझे आजोबा 1911 सालची गोष्ट अशी सांगायचे की जणू ते स्वतः मैदानाच्या कडेला उभे होते. मोहन बागानची पोरं, एक सोडून सगळी, अनवाणी खेळली आणि गोऱ्यांच्या ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला 2–1 असं हरवून त्यांनी आयएफए शिल्ड जिंकली. आजोबा पेठेतल्या पोरांना बूट नाहीत म्हणून कुरकुर करू द्यायचे नाहीत, ते याच गोष्टीच्या जोरावर. त्या क्लबचा सामना त्यांचा नातू सॉल्ट लेकच्या स्टेडियमवर बसून बघणार, म्हणजे त्यांनी अख्ख्या गल्लीत पेढे वाटले असते.

मी स्वतः कोलकात्याला एकदाच गेलोय, 1989 साली, युनिव्हर्सिटीच्या टीमबरोबर. दुसऱ्याच सामन्यात हरलो. परतीच्या गाडीला वेळ होता म्हणून मैदानावर फिरलो. तिथं क्लबांचे तंबू आहेत आणि तंबूंची कँटीन आहेत. पातळ, मिरपूड घातलेला स्ट्यू, त्यात पपईची फोड, गाजराचा तुकडा, बटाटा आणि चिकनचा एकच पीस. सोबत लोणी लावलेला टोस्ट. आपल्या कोल्हापुरी तांबड्या रश्श्यावर वाढलेल्या माणसाला तो आधी आजाऱ्याचं जेवण वाटतो. पण पायात गोळे आले होते, हरल्याचं दुःख होतं, आणि तो गरम स्ट्यू पोटात गेल्यावर मला रडू आलं. तो तू नक्की खा. निझामचा काठी रोल खा. बिर्याणीही खा, तिच्यात बटाटा असतो. लखनौचा नवाब वाजिद अली शाह 1856 मध्ये तिकडं मेटियाब्रुजला जाऊन राहिला, त्याच्या खानसाम्यांकडून ती आली म्हणतात. यातल्या कशालाच माझी हरकत नाही.

पण एक गोष्ट तुला माहीत असेलच, तरी लिहितो. तिथं मोहन बागान जिंकली की चिंगडी आणि ईस्ट बंगाल जिंकली की इलिश, म्हणजे हिल्सा मासा. मूळचे पश्चिम बंगालचे ते घोटी, त्यांची मोहन बागान आणि त्यांची कोळंबी. पूर्व बंगालातून आलेले ते बांगाल, त्यांची ईस्ट बंगाल आणि त्यांचा हिल्सा. आणि तू राहणार आहेस मोहन बागानवाल्याच्या घरी. रविवारी ते जिंकले तर त्या घरात काय शिजेल ते सांगायला नको. नारळाच्या दुधातली मलाईकरी. तुझ्या मित्राची आई तुझ्या पानात पहिली वाढेल, कारण तू पाहुणा. आणि तू, मला ठाऊक आहे, "नको" म्हणणार नाहीस.

हे बघ, सुरू झालो परत.

बरं, आता निघालंच आहे तर पूर्ण सांगतो. काल मी गुजरीत गेलो होतो. तिथं आपल्या ओळखीच्या सराफाकडं मेदिनीपूरकडचा एक बंगाली कारागीर बसतो. त्याला म्हटलं, माझ्या पोराला कोळंबी चालत नाही, तिकडं काय सांभाळायचं? त्यानं हातातली फुंकणी खाली ठेवली आणि दहा मिनिटं समजावून सांगितलं. नुसती मोठी कोळंबी दिसते ती नव्हे म्हणाला. दुधी भोपळ्याच्या भाजीत बारीक चिंगडी असते, लाऊ चिंगडी म्हणतात. केळफुलाच्या भाजीत असते. पुईशाक म्हणजे आपली मायाळू, तिच्यातही घालतात. वरून साधी भाजी दिसते. हॉटेलात "मिक्स्ड" चाऊमीन म्हटलं की त्यात अंडं, चिकन आणि कोळंबी. फिश फ्राय भेटकी माशाचा, पण ज्या कढईत तो तळतात तिच्यातच कोळंबीचं कटलेटही तळलेलं असतं. हे शेवटचं तर मला सुचलंही नव्हतं.

मग त्यानं मला वाक्य शिकवलं. मी तीनदा म्हणून दाखवलं तेव्हा कुठं पास केलं. "आमार चिंगडीते अ‍ॅलर्जी आछे. चिंगडी एकदम देबेन ना." पाठ कर. निघताना त्याला विचारलं, तुम्ही कुणाचे? तो म्हणाला, मोहन बागान. आणि पुन्हा मान खाली घालून कामाला लागला, पण हसत होता.

गर्दीचं मला भय नाही. 16 ऑगस्ट 1980 ला याच दोन टीमच्या सामन्यात ईडन गार्डनवर 16 माणसं गेली, ते मी विसरलेलो नाही, म्हणून सुटताना घाई करू नको, मेट्रोची पहिली गाडी गेली तर जाऊ दे. पण तू शाहू स्टेडियमच्या गर्दीत वाढलेला आहेस. आठवतं? पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळाचा सामना, टायब्रेकर लागला होता, तू माझ्या खांद्यावर. प्रत्येक किकला माझे कान इतके ओढलेस की घरी गेल्यावर आईनं तेल लावलं. नंतर खासबागेत भेळ. तू सहा वर्षांचा, भेळ झणझणीत, तुझ्या डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि तू खातोयस. मी म्हटलं, "तिखट लागतंय का रे?" तर मान हलवून "नाही". भेळवाल्यानं प्रेमानं जास्तीची मूठ घातली होती ना!

तुझी हीच गोष्ट मला झोपू देत नाही. कोळंबीचं मला एवढं भय नाही. तुझ्या भिडेचं आहे.

ओठ सुजायला लागले, घसा घोगरा झाला, श्वास लागला, तर खिशातली गोळी घेऊन वाट बघत बसायचं नाही. त्या वेळी अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन लागतं. 112 ला फोन करायचा किंवा सरळ गाडीत बसून हॉस्पिटल गाठायचं. स्टेडियमजवळ बायपासवर मोठी हॉस्पिटलं आहेत. मित्राला हे आधीच सांगून ठेव. नंतर घसा सुजल्यावर तुला सांगता येणार नाही.

लेक्चर झालं. माफ कर. तू एकटा बंगळुरूत राहतोस, स्वतःच्या पैशानं तिकीट काढतोस, मित्र असे जोडतोस की ते तुला हक्कानं घरी नेतात. हे मी चारचौघांत छाती फुगवून सांगतो, तुला मात्र कधी सांगितलं नाही.

आणि एक राहिलंय. रत्नागिरीला आत्याकडची ती दुपार तुला नीट आठवत नसेल, सात वर्षांचा होतास. वांग्याची भाजी होती, सोडे म्हणजे सुकी कोळंबी घातलेली. मला तर जीव की प्राण. मी माझ्या ताटातला घास तुला भरवला. दुसरा घास घेताना तू तोंड फिरवलंस. "नको बाबा, जिभेला खाज येतीय." आणि मी म्हणालो, "आत्यानं एवढं प्रेमानं केलंय, असं नको म्हणू नये." तू गपचूप तोंड उघडलंस. अर्ध्या तासात तुझे डोळे मिटले एवढा चेहरा सुजला. रिक्षात तुला मांडीवर घेऊन बसलो होतो, तुझ्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. डॉक्टरांनी विचारलं, मुलानं आधी काही सांगितलं होतं का? मी "नाही" म्हणालो. आईला, आत्यालाही हे मी आजवर सांगितलेलं नाही.

तू सांगितलं होतंस, बाळा. मीच ऐकलं नाही. आणि वर तुला शिकवलं की प्रेमानं वाढलेल्याला नको म्हणायचं नाही. ते माझं शिकवणं तू आता विसरून जा. त्या माउलीला वाईट वाटलं तर वाटू दे. तिच्या हातचा भात-डाळ दोनदा मागून घे, तिला बरं वाटेल.

मला मनापासून वाटतं, या वेळी ईस्ट बंगाल जिंकावी. इलिश तुला चालतो, काटे जपून काढ. तू रागावशील, पण वाटतं ते लिहिलं.

सामना सुटला की कोण जिंकलं ते सांगायला फोन कर. जेवायला बसायच्या आधी कर.

तुझा,
बाबा

ता. क. बंगाली वाक्य कारागिराकडूनच बंगाली अक्षरांत दोन कागदांवर लिहून घेतलंय, पाकिटात आहेत. एक तुझ्या खिशात ठेव, दुसरा मित्राकडं दे.