तोफेची कोठी आणि तोफेचे वय

माननीय संपादक, सप्रेम नमस्कार.

पुण्यातील एका शस्त्रप्रदर्शनात मागून भरायच्या एका लहान लोखंडी तोफेखाली ‘इ. स. १४५०’ असे ठाम साल लिहिलेले नुकतेच पाहिले. चौकशी केली तेव्हा कळले, की तिची दारूची कोठी पुढे निमुळती आहे एवढ्यावरूनच हे साल ठरवले आहे.

या तोफा घडत कशा, ते पाहिले की ही घाई खटकते. लोखंडाच्या लांब पट्ट्या कडेला कड लावून गोलाकार मांडायच्या आणि बैलगाडीच्या चाकावर धाव चढवतात तशी तापलेली कडी त्यांच्यावर चढवायची; कडी निवताना आवळली, की नळी तयार. ही नळी दोन्ही टोकांना उघडी असे. कोठी म्हणजे मूठ असलेले, जाड पेल्यासारखे वेगळे भांडे. त्यात दारू ठासून ते नळीच्या मागच्या तोंडाशी भिडवायचे आणि पाठीमागे पाचर ठोकायची. मान निमुळती असली, की पाचरीच्या ठोक्यासरशी ती नळीत घट्ट रुतते आणि सांध्यातून आग कमी फुटते. ही गरज १५व्या शतकातल्या लोहाराला होती तशीच १६व्या शतकातल्यालाही होती.

शिवाय एका तोफेला दोन-तीन कोठ्या असत, म्हणजे एक उडेपर्यंत दुसरी भरून तयार. एखादी निकामी झाली तर नवी घडवता येई, नळी मात्र तीच राही. त्यामुळे आज नळीत बसलेली कोठी तिच्याच वयाची आहे, असे गृहीत कसे धरावे?

१५४५ साली बुडालेल्या ‘मेरी रोझ’ या इंग्रज युद्धनौकेवर अशा घडीव लोखंडी तोफा आणि तोंडातून भरायच्या ओतीव कांस्य तोफा शेजारीशेजारी होत्या. पोर्तुगीजांनी कांस्याच्या ओतीव नळीलाही लोखंडी कोठ्या जोडल्या. चीनमध्ये याच जातीच्या तोफांना ‘फिरंगी’ अशा अर्थाचे नाव पडले (आपल्याला त्या शब्दाने आधी तलवार आठवते) आणि तिथे त्या १७व्या शतकातही वापरात होत्या.

कोठीचा आकार निरुपयोगी आहे असे माझे म्हणणे नाही. पण कड्यांची घडण, सांध्याची झीज, नळीवरच्या खुणा आणि तोफ कुठे सापडली याची नोंद यांच्या जोडीनेच तो वाचावा लागतो. तोवर पाटीवर ‘१५वे ते १६वे शतक’ असे लिहिण्यात कमीपणा नाही. नळी आणि कोठी यांची मापेही वेगवेगळी द्यावीत, म्हणजे त्या मुळात एकमेकींच्या आहेत का, हे पाहणाऱ्यालाही ताडता येईल.

आपला नम्र,
एक वाचक, शनिवार पेठ, पुणे