ॲन जडसन यांचे श्रेय

रविवारच्या पुरवणीतील ब्रह्मदेशातील ॲडोनिराम आणि ॲन जडसन या अमेरिकन मिशनरी दांपत्याच्या कार्यावरचा लेख वाचला. लेख अभ्यासपूर्ण आहे, मात्र त्यात ॲन केवळ ‘सोबत गेलेली पत्नी’ म्हणून उरते, हे खटकले. १८१२ मध्ये अमेरिका सोडून दोघे १८१३ मध्ये रंगूनला पोहोचले आणि पहिल्या स्थानिक माणसाचा बाप्तिस्मा व्हायला १८१९ उजाडले. या काळात घरकारभार सांभाळताना ॲन यांनी ब्रह्मी बोली आत्मसात केली. एवढेच नव्हे, बायबलमधील मत्तयकृत शुभवर्तमान सयामी (थाई) भाषेत आणले.

१८२४ च्या इंग्रज-ब्रह्मी युद्धात ॲडोनिराम तेव्हाची ब्रह्मी राजधानी आवा येथील तुरुंगात पडले. तेव्हा गरोदर ॲन अधिकाऱ्यांचे उंबरे झिजवत होत्या, डबे पोहोचवत होत्या. ब्रह्मी बायबलचे हस्तलिखित त्यांनी आधी जमिनीत पुरले आणि मग एका टणक, ओबडधोबड उशीत शिवून पतीकडे दिले. कुणाला मोह पडू नये अशीच ती उशी होती! तो मजकूर बचावला नसता, तर १८३४ मध्ये पूर्ण झालेल्या भाषांतराला किती वर्षे लागली असती? १८२६ मध्ये ॲन वारल्या. पूर्ण झालेले भाषांतर पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. त्यांच्यावर स्वतंत्र लेख द्यावा, ही विनंती.