ताठ स्नायूही दुबळाच असतो

प्रिय मित्रा,

पत्र मिळालं. "लेकाला उठाबशा करायला लावल्या तर पाय आणखी ताठ होतील का?" हे तुझं वाक्य वाचून तिथंच थांबलो. तुझी भीती मला कळते रे. आम्ही फिजिओथेरपिस्टसुद्धा कित्येक वर्षं तेच मानत होतो. सेरेब्रल पाल्सीत, म्हणजे वाढत्या मेंदूला इजा झाल्यानं हालचाली बिघडतात त्या अवस्थेत, स्नायू आधीच आखडलेले, त्यांना जोर करायला लावला तर स्पास्टिसिटी, म्हणजे हा ताठरपणा, वाढणार! मग १९९० च्या दशकात डायेन डॅमियानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा मुलांच्या मांडीच्या स्नायूंना वजन लावून व्यायाम दिले, आणि ताकद वाढली. नंतरच्या अभ्यासांतही त्यामुळे ताठरपणा वाढल्याचं दिसलं नाही. ताठ स्नायू म्हणजे ताकदवान स्नायू, ही आपली समजूतच चुकीची. मेंदूकडून पुरेसा निरोपच पोचत नाही, म्हणून तो दुबळा राहतो.

ईएमजीला, म्हणजे स्नायूंतली वीज टिपणाऱ्या तपासणीला, घाबरू नकोस. आम्ही ती त्वचेवरूनच करतो. सुई नाही, शॉक नाही. त्वचा स्पिरिटने पुसून स्नायूवर दोन छोटी इलेक्ट्रोड दोनेक सेंटीमीटर अंतरावर चिकटवतात. स्नायू काम करताना जी अगदी बारीक वीज उठते, ती फक्त टिपली जाते. परवा एक मुलगी स्टुलावरून उठत होती. तोंडाचा चंबू, मुठी आवळलेल्या. स्क्रीनवर मांडीच्या पुढच्या स्नायूची रेघ उसळली आणि त्याच क्षणी मागच्या स्नायूचीही. एक स्नायू गुडघा सरळ करतोय, दुसरा तोच गुडघा वाकवायला बघतोय. बाहेरून आपल्याला वाटतं, पोर कमी जोर लावतंय. ती तर दुप्पट राबत होती! मला फार भरून आलं.

मात्र रेघेची उंची आजची आणि महिन्यानंतरची थेट ताडून बघू नकोस. इलेक्ट्रोड जरा सरकलं तरी आकडा बदलतो. एरवी कमाल जोराशी तुलना करतात, पण या मुलांना ठरवून पूर्ण जोर लावणंच अवघड. म्हणून स्नायू कधी जागा होतो नि कधी शांत होतो, याकडे मी जास्त बघतो.

घरी हा उठण्याचा व्यायाम आठवड्यातून तीनदा, मध्ये एक दिवस सोडून कर. आधी उंच स्टूल, टाचा जमिनीला टेकलेल्या, गुडघे आत न पडता उठणं. आठ-दहा वेळा नीट जमलं की स्टूल थोडं खाली घे, मग पाठीवर हलकं दप्तर. शेवटच्या दोन खेपा कष्टाच्या वाटल्या पाहिजेत, दुखता मात्र कामा नये. निदान दोन-तीन महिने धीर धर. बोटॉक्स (स्नायू सैल करणारं इंजेक्शन) किंवा ऑपरेशन नुकतंच झालं असेल, खुब्याचा त्रास असेल, तर आधी त्याच्या थेरपिस्टला विचार.

एक खरं सांगतो, ताकद वाढली की चाल आपोआप सुधारेलच असं नाही. पायऱ्या चढणं, खुर्चीतून उठणं, जे जमायला हवं त्याचा सराव वेगळा करावाच लागतो.

त्याचा उठतानाचा व्हिडिओ बाजूने काढून पाठव. टाच आणि गुडघा दोन्ही दिसू देत. आणि त्याला सांग, काका वाट बघतोय.

तुझाच मित्र