खातं बदलताना काय काय सुटतं, ते आधी सांगा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी अनगोळला राहते. मराठी प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका आहे. १९९१ साली उघडलेलं बँकेतलं बचत खातं मी यंदा दिवाळीनंतर बंद केलं. बँकेचं नाव लिहीत नाही, कारण गल्लीतल्या बायकांचे अनुभव ऐकल्यावर हे एकाच बँकेपुरतं नाही हे कळलं. पूर्वी शाखा घरापासून चालत दहा मिनिटांवर होती, ती रेल्वे गेटपलीकडे गेली. कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेमुळे २०२३ पासून आम्हा बायकांना बसचं तिकीट पडत नाही हे खरं, पण गेट पडलं की बस अडकते, आणि माझ्या गुडघ्याला तेवढं उभं राहणं सोसत नाही. म्हणून घराजवळच्या दुसऱ्या बँकेत खातं उघडलं. उघडायला अर्धा तास लागला. मागचं सगळं निस्तरायला तीन महिने गेले.

जुन्या बँकेत अर्ज दिला तेव्हा चेकबुक, एटीएम कार्ड, पासबुक काढून घेतलं, सही ताडून पाहिली आणि शिल्लक नव्या खात्यात पाठवली. त्या खात्यातून दर महिन्याला काय कापलं जातं, त्यात कुठून काय जमा होतं, हे कोणी विचारलं नाही. आमच्या दोघांच्या आरोग्य विम्याचा हप्ता दर सात तारखेला आपोआप जायचा. सात तारखेला तो गेला नाही. मला समजलं एकोणीस तारखेला, विमा एजंटाचा फोन आला तेव्हा. मासिक हप्त्याला पंधरा दिवसांचीच मुदत असते. मिस्टरांना रक्तदाब आणि साखर दोन्ही आहे, या वयात पॉलिसी एकदा बंद पडली तर नवी कोण देणार? दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाला रजा काढायला लावून हप्ता भरला. नव्या खात्यातून हप्ता कापायची परवानगी मंजूर व्हायला आणखी वेळ लागला, तोवर पुढचा हप्ताही हातानंच भरावा लागला.

माझं निभावलं. शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या वहिनींचं निभावलं नाही, आणि हे पत्र मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. माझं बघून त्यांनीही खातं बदललं. त्यांना राज्य सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याला २,००० रुपये मिळतात. नव्या बँकेत आधार कार्डाची झेरॉक्स दिली, अंगठा दिला, "आधार लिंक झालं" असं सांगण्यात आलं. पैसे मात्र आले नाहीत. "बाई, आधार तर दिलंय की, मग पैसे कुठं अडकले?" असं त्या मला विचारत होत्या, आणि चाळीस पोरांना एका वेळी गणित समजावणाऱ्या मला याचं उत्तर देता येत नव्हतं.

उत्तर मिळालं ते नव्या शाखेतल्या एका तरुण कन्नडिग क्लार्ककडून. मोडक्यातोडक्या मराठीत, पण न कंटाळता त्यानं समजावलं. ओळख पटवण्यासाठी आधार देणं वेगळं आणि सरकारी पैसे याच खात्यात यावेत म्हणून आधार जोडणं वेगळं. सरकारी योजनेची रक्कम खाते क्रमांकावर नव्हे, आधार क्रमांकावर पाठवली जाते. कोणत्या आधारची रक्कम कोणत्या बँकेकडे वळवायची याची नोंद बँकांमधली देवघेव चालवणाऱ्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन या संस्थेकडे असते, आणि एका आधारला तिथे एका वेळी एकच बँक लागते. वहिनींची नोंद अजून जुन्या बँकेचीच होती, आणि तिथलं खातं तर बंद. पीएम किसानचे पैसे घेणाऱ्या शेतकऱ्याचंही असंच होऊ शकतं. नोंद बदलण्यासाठी बँकेत वेगळा संमतीचा फॉर्म द्यावा लागतो. ती बदलली की नाही हे 'माय आधार' संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस'मध्ये दिसतं. जुनं खातं बंद करण्याआधी हे एकदा पाहिलं असतं, तर वहिनींचे पैसे अडकले नसते.

तो फॉर्म कन्नड, हिंदी आणि इंग्रजीत होता. बँकांनी तीन भाषांत फॉर्म ठेवावेत असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, त्यात राज्याची भाषा येते, मराठी येत नाही. कन्नडला माझा विरोध नाही, मला ती वाचता येते. पण वहिनी मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकल्या आहेत. आपण कुठे सही केली, कशाला संमती दिली, हे त्यांना वाचता आलं नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी भागात अशा हजारो बायका आहेत. शाखेत मराठीतलं एक पान ठेवायला कितीसा खर्च येतो?

माझी मागणी साधी आहे. खातं बंद करायचा अर्ज आला की बँकेनं ग्राहकाला एक छापील यादी द्यावी: या खात्यातून कोणते हप्ते कापले जातात, कोणती सरकारी रक्कम येते, आधारची नोंद इथे आहे का. ही माहिती संगणकात असतेच. मोबाईल नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय देशभर २० जानेवारी २०११ पासून आहे. खाते क्रमांकाचीही तशी सोय व्हावी, असं रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे डेप्युटी गव्हर्नर एस. एस. मुंद्रा २०१७ मध्ये बोलले होते. ती सोय होईल तेव्हा होवो, यादी तर उद्यापासून देता येईल.

आणि ज्यांना खातं बदलायचं आहे त्यांनी कृपया जुनं खातं दोन-तीन महिने थोडी शिल्लक ठेवून चालू ठेवावं. बंद करण्याआधी वर्षभराचं स्टेटमेंट मागून घ्यावं, त्यात सगळे हप्ते दिसतात. नव्या खात्यावर वारसाचं नाव पुन्हा लावावं लागतं, ते आपोआप येत नाही. बँकेनं तक्रारीला तीस दिवसांत उत्तर दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते, त्यासाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

वहिनींचा फॉर्म मागच्या सोमवारी दिला. अडकलेल्या दोन हप्त्यांसाठी वेगळा अर्ज लिहून दिला आहे, त्याची पोच माझ्याकडे जपून ठेवली आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
अनगोळ, बेळगाव