त्या शनिवारच्या संध्याकाळबद्दल, मनःपूर्वक आभार

आदरणीय सर,

गेल्या जूनमध्ये, विजांसह आलेल्या पहिल्या मोठ्या पावसात आमच्या फोंड्यातील संस्थेच्या मागच्या इमारतीतील स्टॅकमधला, म्हणजे जोडून एकाच उपकरणासारखे चालवलेल्या दोन स्विचपैकी (संगणकांना नेटवर्कशी जोडणाऱ्या उपकरणांपैकी), एक बंद पडला. त्या वेळी तुम्ही केलेल्या मदतीचे आभार फोनवर मानून मला समाधान झाले नाही. नेटवर्क सांभाळणाऱ्या इतरांनाही ती कामी यावी, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

वॉरंटीत बदली स्विच मिळवण्यासाठी पुरवठादाराने सिरियल नंबर मागितला आणि मी आमच्या एक्सेल शीटमधला नंबर कळवला. त्या नंबरचे उपकरण आधीच परत घेतल्याचे उत्तर आले, कारण दोन वर्षांपूर्वी तो स्विच एकदा बदलला होता आणि त्याची नोंद करायची माझ्याकडून राहून गेली होती. स्विचवरचा नंबर वाचावा तर इमारतीला कुलूप, किल्ली असलेले कर्मचारी गावी गेलेले, आणि सोमवारी प्रवेशप्रक्रिया सुरू व्हायची होती. अशा वेळी तुम्ही वेर्ण्याहून भर पावसात बोरीचा पूल ओलांडून स्कूटरवर आलात, ते मी विसरणार नाही.

आल्याबरोबर तुम्ही विचारलेत, "व्यवस्थापन प्रणालीने या स्विचची माहिती शेवटची कधी गोळा केली?" नेटवर्कमधल्या उपकरणांवर लक्ष ठेवणारी ती प्रणाली मी रोज पाहत होते, पण उपकरण चालू आहे की बंद, एवढेच दाखवणाऱ्या नकाशापुरती. तुम्ही त्या स्टॅकचे इन्व्हेंटरी पान, म्हणजे त्यातील भागांची यादी, उघडलेत. वरवर एकच उपकरण दिसत होते. नावापुढचे चिन्ह दाबल्यावर खाली दोन चासी, म्हणजे दोन्ही स्विचचे मुख्य सांगाडे, उघडल्या आणि प्रत्येकीच्या पोटात पॉवर सप्लाय, पंखे, पोर्ट आणि फायबरचे मॉड्यूल दिसू लागले. दुसऱ्या चासीपुढे खरा सिरियल नंबर होता, आदल्या रात्री दोन वाजता गोळा केलेला. तो लिहून घेण्याआधी तुम्ही सगळा अहवाल फाइलमध्ये उतरवून घेतलात. आमच्या प्रणालीत नवी माहिती जुनीवर लिहिली जाते आणि बंद पडलेला सदस्य स्टॅकमधून नाहीसा झालेला असतो, त्यामुळे त्या रात्रीच्या फेरीनंतर तो नंबर यादीतूनही गेला असता, हे कारण तुम्ही नंतर शांतपणे समजावलेत. एवढे भान अनुभवाशिवाय येत नाही.

कोणता भाग कशाच्या आत बसला आहे हे उपकरण स्वतः सांगते, त्यासाठी एन्टिटी एमआयबी नावाची ठरलेली मांडणी आहे आणि प्रणाली ती एसएनएमपीने, म्हणजे उपकरणांना माहिती विचारण्याच्या ठरलेल्या पद्धतीने, वाचते, हेही मला त्याच दिवशी नीट कळले. त्या मांडणीची २०१३ मधील आवृत्ती आरएफसी ६९३३ या क्रमांकाचा इंटरनेट-मानकांचा दस्तऐवज म्हणून प्रसिद्ध आहे. ती मी नंतर वाचली आणि पडद्यावरच्या प्रत्येक रकान्याचा उगम सापडला. एखाद्या मॉड्यूलचा रकाना रिकामा दिसला, तर बहुधा त्या मॉड्यूलनेच आपला नंबर कळवलेला नसतो, हेही त्यातून उमगले.

मला सर्वांत मोलाची वाटते ती तुम्ही बोट ठेवून दाखवलेली तारीख. पानाच्या उजव्या टोकाला, अगदी बारीक अक्षरांत, प्रत्येक उपकरणाची माहिती शेवटची कधी आली ते लिहिलेले होते. तीन उपकरणांपुढे आदल्या नोव्हेंबरची तारीख होती. एसएनएमपी व्हर्जन ३ चा पासवर्ड आम्ही उपकरणांवर बदलला होता, प्रणालीत मात्र या तिघांसाठी तो बदलायचा राहिला होता. जुनी माहिती तितक्याच नीटनेटक्या तक्त्यात दिसत होती, म्हणून कोणालाही संशय आला नाही.

बदली स्विच आला तेव्हा त्यात जुने सॉफ्टवेअर होते. फ्लॅशमध्ये, म्हणजे स्विचच्या कायमच्या साठवणीत, ठेवलेली फाइल आणि प्रत्यक्ष चालू असलेली आवृत्ती एकच असेल असे नाही, रीलोड होईपर्यंत, म्हणजे स्विच पुन्हा सुरू होईपर्यंत, जुनीच चालते, हे तुम्ही बजावले होते. म्हणून स्टॅकला जोडण्याआधी मी 'शो व्हर्जन' ही आज्ञा देऊन दोन्ही स्विचवर चालू असलेली आवृत्ती ताडून पाहिली, नव्यावर योग्य आवृत्ती चढवली आणि रीलोडनंतर पुन्हा खात्री केली. तुमची सूचना नसती, तर केवळ फाइलचे नाव पाहून मी पुढे गेले असते.

आता दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी आम्ही इन्व्हेंटरीचा अहवाल उतरवून ठेवतो, चवथीच्या सुट्टीआधी एकदा जास्तीचा. एक्सेल शीट अजून आहे, पण तिच्यात आता केवळ खरेदीची तारीख, बिल आणि वॉरंटीची मुदत असते. नंबर आणि आवृत्ती उपकरणाकडूनच घेतो. त्या तीन उपकरणांपैकी दोन लगेच उत्तर देऊ लागली. तिसऱ्याला वेळ लागला, परंतु त्याच्यापुढेही आज कालची तारीख दिसते आहे. ती पाहिली आणि हे पत्र लिहायला बसले.

आपली कृतज्ञ,
नेटवर्क विभागातील एक कर्मचारी,
फोंडा, गोवा